चौदा पूर्णांक दोन

माझ्या गाडीच्या डॅशबोर्डावर, रेडिओच्या वरच्या बाजूला, एक कागदाचा तुकडा चिकटवलेला आहे. त्याच्याखाली काय आहे असं कुणी विचारलं की मी खिडकीबाहेर बघायला लागतो. बायको विचारत नाही, कारण तिला माहीत आहे. गल्लीतले लोक विचारत नाहीत, कारण त्यांनाही माहीत आहे. म्हणजे विचारणारा परका माणूसच असतो आणि त्याला उत्तर द्यायची मला काही गरज नसते. पण आज मनाचा हिय्या करून सांगतो.

मी मार्दियो. मादियुन शहरातल्या सरकारी हायस्कुलात गेली तेवीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवतो, आणि आमच्याकडे पुरुषाच्या नावाआधी मानाने 'पाक', बाईच्या 'बू' लावतात, म्हणून गल्लीत मला 'पाक गुरू' म्हणतात. निदान म्हणायचे. गेल्या वर्षी एका संध्याकाळी आम्ही बाजारातून येत होतो. पाऊस, वायपर सुरू, दिवे सुरू, एसी सुरू, आणि तेवढ्यात माझ्या बायकोने, रहायूने, शेंगांची टरफलं टाकायला काच खाली केली. त्यासरशी रेडिओ क्षणभर बंद पडला आणि समोरचे दिवे मिचमिचले. दुसऱ्या कुठल्याही माणसाने बॅटरीची टोकं घासून घेतली असती आणि विषय संपला असता. पण मी पदार्थविज्ञान शिकवतो ना!

मी थेट कोह ह्वी याच्या बॅटरीच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, "पाक गुरू, हल्लीच्या गाडीत इंजिन कमी आणि कंप्युटर जास्त. व्होल्टेज खाली गेलं की तो येड्यासारखा करतो, वर गेलं की जळतो. आणि जळला की मग माझ्याकडे यायचं नाही, रडायला कंपनीकडे जायचं." मी त्याला कंडेन्सर म्हणजे काय, तो विजेचे चढउतार कसे पोटात घेतो, हे नीट समजावून सांगितलं. फळा नव्हता म्हणून काउंटरवरच्या धुळीत आकृती काढली. त्याने शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं आणि कपाटातली सगळ्यात महागडी पेटी बाहेर काढली.

ती निळ्या दिव्याची पेटी लागली. तिच्या जोडीला मनगटाएवढ्या जाड पाच पिवळ्या वायरी लागल्या. एवढा ऐवज कुणी चोरू नये म्हणून कर्णकर्कश भोंगा लागला आणि तो बंद-चालू करायला किल्लीला एक छोटा रिमोट लागला. आणि या सगळ्यावर कळस म्हणून डॅशबोर्डावर लाल आकड्यांचा मीटर लागला. इंजिन सुरू केलं, आकडा झरझर वर चढला आणि थांबला. चौदा पूर्णांक दोन. कोह ह्वी म्हणाला, "बस्स. हा आकडा म्हणजे तब्येत ठणठणीत."

तेव्हापासून माझं रस्त्याकडे लक्ष कमी आणि आकड्याकडे जास्त. गाडीत नियम झाले. एसी असताना काच खाली करायची नाही. मोबाईल चार्ज करायचा नाही. वायपर चालू असताना हॉर्न वाजवायचा तर आधी मला सांगायचं. हा शेवटचा नियम खरं तर माझा मलाच होता, पण मी तो मोठ्याने म्हणायचो. एकदा रहायू म्हणाली, "पाक, तुम्हाला गाडीचा आकडा तोंडपाठ आहे. माझ्या ब्लड प्रेशरचा आकडा सांगा बघू."

"नॉर्मल असेल," मी म्हणालो.

"एकशे साठ," ती म्हणाली आणि काच खाली करून बाहेर बघत बसली. आकडा तेरा पूर्णांक आठवर आला. मला ते लागलं. तेरा पूर्णांक आठच जास्त लागलं, हे आज कबूल करतो.

गल्लीत माझं नाव बदलून 'पाक व्होल्ट' झालं. मला वाटलं, आदराने म्हणतात.

आता म्बाह सारिंतेन. म्बाह म्हणजे आजी. ती सगळ्या गल्लीची आजी. गल्लीच्या तोंडापासून दुसरं घर तिचं. त्याच घराच्या ओट्यावर बसून ती पेचेल विकते. उकडलेल्या भाज्या, वर शेंगदाण्याची झणझणीत चटणी, केळीच्या पानात पुडी. मी लग्न होऊन या गल्लीत आल्यापासून सकाळचा घास तिच्या हातचा. तिचं वय चौऱ्याहत्तर. हजसाठी नाव नोंदवून चौदा वर्षं झाली होती, आणि त्याआधी पैसे साठवण्यात किती गेली ते तिचं तिलाच ठाऊक. गेल्या वर्षी अखेर तिचा नंबर लागला. सारी गल्ली रडली. मीही रडलो.

तिला निरोप कसा द्यायचा हे ठरवायला गल्लीचे प्रमुख पाक गियान्तो यांच्या ओसरीवर बैठक बसली. सकाळी सातला सगळ्या यात्रेकरूंनी कचेरीसमोरच्या मंडपात हजर व्हायचं होतं, साडेसातला बस विमान गाठायला सुराबायाला निघणार होती. बस काही कुणासाठी थांबणार नव्हती. म्बाह म्हणाली, "त्यात काय ठरवायचं? कास्दी सोडेल मला."

कास्दी बेचाक चालवतो. पुढे बसायची खुर्ची, मागे पॅडल मारणारा कास्दी. तीस वर्षं रोज पहाटे तो तिला आणि तिच्या भाजीच्या टोपल्यांना बाजारातून आणतो. त्याने बेचाकाला नवं छप्पर शिवून घेतलं होतं, कागदाची फुलं लावली होती. पायरीवर उकिडवा बसून तो हसत होता.

आणि मी उभा राहिलो. का उभा राहिलो, हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे.

"हजला निघालेली बाई बेचाकात?" मी म्हणालो. "लोक काय म्हणतील आपल्या गल्लीला? माझी गाडी आहे. तिला विजेचं संपूर्ण संरक्षण आहे. वाटेत बंद पडणं शास्त्रीयदृष्ट्या अशक्य."

म्बाहच्या शेजारी राहणाऱ्या बू रात्मी म्हणाल्या, "पण पाक गुरू, म्बाहला गाडीत मळमळतं."

"व्होल्टेज स्थिर असलं की एसी स्थिर," मी म्हणालो, "आणि एसी स्थिर असला की पोट स्थिर." मी शिक्षक आहे. मी ठामपणे बोललो की लोक माना डोलावतात, त्यांना कळलेलं असो वा नसो. ठराव पास झाला. मग मोठ्या मनाने मी कास्दीला म्हणालो, "हे बघ कास्दी, तू मधे राहिलास तर सगळ्या गाड्यांचा वेग कमी होईल. तू आपला पुढे जा, गल्लीबाहेर हमरस्त्यावर थांब आणि आम्ही निघालो की हात कर."

"बरं, पाक गुरू," कास्दी म्हणाला. त्याचं हसू गेलं होतं. तेव्हा ते मला दिसलं नाही असं मी म्हणणार होतो, पण दिसलं होतं.

हजला जायच्या आधी म्बाह रिवाजाप्रमाणे घरोघर माफी मागत फिरली. आमच्याकडे आली, माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "पाक गुरू, इतक्या वर्षांत कधी भाजी शिळी लागली असेल, कधी चटणी कमी पडली असेल, तर आतून-बाहेरून माफ करा." मी आरामखुर्चीत मागे रेलून म्हणालो, "केलं, म्बाह, केलं." एखाद्या नापास पोराला वरच्या वर्गात घालावं तसं.

मग तिने कनवटीची पिशवी उघडली. आमच्याकडे यात्रेकरूजवळ लोक चिठ्ठ्या देतात, काब्यासमोर आपल्यासाठी काय मागायचं ते लिहून. म्बाहला वाचता येत नाही, म्हणून बू रात्मी रोज संध्याकाळी चिठ्ठ्या वाचायच्या आणि म्बाह त्या पाठ करायची. रहायू आत चिठ्ठी लिहीत होती. मी त्याच दुपारी गाडी फिरवून आणली होती आणि मीटरने तीनदा तेरा पूर्णांक नऊ दाखवलं होतं. डोक्यात तेच. मी पेन घेतलं आणि लिहिलं: 'गाडीचं व्होल्टेज कायम १४.२ राहू दे.' घडी घातली आणि पिशवीत टाकली. आपण काय लिहिलं याचं मला त्या वेळी काहीसुद्धा वाटलं नाही.

निघायच्या आदल्या दुपारी मी गाडी म्बाहच्या दारात आणून लावली, तोंड हमरस्त्याकडे करून. गल्ली अरुंद. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला दार उघडण्यापुरती जागा. मागे पाक गियान्तोंचा पिकअप आणि आणखी दोन गाड्या. तेवढ्यात पाक गियान्तो हातात कर्णा आणि वायरीचं भेंडोळं घेऊन आले. "पाक गुरू, हा तुमच्या टपावर बांधू आणि करंट तुमच्या बॅटरीतून घेऊ. वाटेत पैगंबरांच्या स्तुतीची सलवात लावायची आहे."

"माझ्या बॅटरीतून?" मला घाम फुटला. "पाक गियान्तो, हे म्हणजे हार्ट पेशंटच्या छातीला टीव्ही जोडण्यासारखं आहे."

"दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे हो."

आम्ही अर्धा तास वाद घातला. शेवटी त्यांनी 'बघू सकाळी' म्हटलं. या 'बघू'चा मला चांगला अनुभव आहे. ते गेल्यावर मी गुपचूप बॉनेट उघडलं, बॅटरीची एक वायर सोडवली, बॉनेट बंद केलं. आता साक्षात आकाशातली वीज आली असती तरी माझ्या गाडीचं काही वाकडं झालं नसतं.

सकाळी सहाला सगळी गल्ली पांढऱ्या कपड्यांत दारात. पाक गियान्तोंचा पुतण्या वायरीचं भेंडोळं घेऊन बॉनेटभोवती घुटमळत होता, म्हणून मी शेवटच्या क्षणापर्यंत वायर जोडली नाही. मग म्बाह उंबऱ्यापाशी आली. स्वतः पाक गियान्तोंनी कानावर हात ठेवून अजान सुरू केली. यात्रेकरू एकदा या अजानेवर उंबरा ओलांडून बाहेर पडला, की हज करून येईपर्यंत पुन्हा घरात पाऊल ठेवत नाही, असा आमच्या गल्लीचा कडक समज आहे. म्बाहने उजवा पाय बाहेर टाकला. बायका हुंदके देऊ लागल्या. म्हटलं, हीच वेळ. बॉनेटखाली वाकून मी वायर जोडली.

आणि भोंगा वाजला.

अहो, काय तो आवाज! अजानेच्या मधोमध, चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या पुण्यकर्माच्या पहिल्या पावलावर, माझी गाडी चोर आल्यासारखी बोंबलत होती. पाक गियान्तो थांबले नाहीत. आवाज चढवत चढवत त्यांनी अजान पुरी केली. त्यांच्या मानेच्या शिरा मला आजही दिसतात. मी रिमोट दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. दोन्ही अंगठ्यांनी दाबला. गाडीच्या विजेचा एकेक थेंब मी महिनोन्‌महिने मोजत होतो, पण रिमोटमध्येही शर्टाच्या बटणाएवढी एक बॅटरी असते आणि तीही संपते, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

बॅटरीची वायर काढून जोडली की चोर आला असं समजायचं, आणि मग रिमोटशिवाय ना भोंगा थांबू द्यायचा ना इंजिन सुरू होऊ द्यायचं, ही त्या यंत्रणेची खुबी. मी वायर काढली की शांतता, पण गाडी मेलेली. जोडली की गाडी जिवंत, पण नुसती किंचाळणार. मी चार वेळा काढली आणि चार वेळा जोडली. म्बाह मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन शांत बसली होती.

मग सल्ले सुरू झाले. रिमोट काखेत धरा, ऊब लागू द्या. हनुवटीला टेकवून दाबा. दातांनी दाबा, दातांत जोर असतो. मी सगळं केलं. हायस्कुलातला पदार्थविज्ञानाचा शिक्षक बाटिकच्या नव्या शर्टात, आपल्याच तीन विद्यार्थ्यांच्या आईबापांसमोर, काखेत रिमोट धरून उभा होता. कुणी भिंतीवरच्या घड्याळाचे सेल आणले, ते बोटाएवढे. रेल्वेतले निवृत्त गार्ड पाक वागिमिन यांनी आपल्या कानाच्या यंत्रातली बॅटरी काढून दिली. ती बसेना, आणि या हातातून त्या हातात जाता जाता गटारात पडली. त्यानंतर ते दर दोन मिनिटांनी "अजान झाली का?" असं विचारत राहिले.

"गुप्त बटण असतं ना?" पाक गियान्तोंनी विचारलं. असतं. कोह ह्वीने ते डॅशबोर्डाखाली असं बसवलं होतं की चोराच्या बापाला सापडू नये. नंतर मी त्याच्यावरच निळ्या दिव्याची पेटी चार स्क्रूंनी ठोकून बसवली होती. त्यातल्या दोन स्क्रूंची डोकी घासून गुळगुळीत झाली होती. कोह ह्वीचं दुकान नऊला उघडतं. गाडी ढकलावी तर ती ऑटोमॅटिक. विजेशिवाय तिचा गिअर जागचा हलेना, आणि मागच्या साऱ्या गाड्या माझ्यामागे अडकलेल्या. घड्याळात सहा वीस. मीटर मात्र, जोडला की, बारा पूर्णांक सहा दाखवत होता. इंजिन बंद असताना हा आकडा उत्तम समजला जातो.

तेवढ्यात म्बाह रडायला लागली. आवाज न करता, नुसतं पाणी गळत होतं. म्हणाली, "माझंच काहीतरी राहिलं. कुणाची तरी माफी राहिली, म्हणून मला वाट मिळत नाहीये." आमच्याकडे असं मानतात, हजच्या वाटेवर जे आडवं येतं ते आपलंच जुनं पाप असतं. तिने खिडकीशी वाकलेल्या एकेकाचा हात धरायला सुरुवात केली. "बू रात्मी, मी तुमची कोंबडी हाकलली होती, माफ करा. गियान्तो, तुला लहानपणी मारलं होतं रे मी, माफ कर." सगळी गल्ली रडायला लागली. मग तिने माझ्याकडे बघितलं. "पाक गुरू, मी बसले म्हणून बिघडली का हो तुमची गाडी?"

एक वाक्य बोलायचं होतं. 'म्बाह, चूक माझी आहे.' एवढंच. ते माझ्या जिभेवर आलं होतं. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "नाही नाही, म्बाह. तांत्रिक अडचण आहे."

रहायूने माझ्याकडे बघितलं. असं तिने त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

मग ती गाडीच्या पुढे जाऊन, पदर खोचून, हमरस्त्याकडे तोंड करून ओरडली, "कास्दीऽऽ!"

सगळ्या गल्लीत एकच वाहन माझ्या गाडीच्या पुढच्या बाजूला होतं, कारण मीच त्याला तिकडे हाकललं होतं. कास्दीने बेचाक उलटं रेटत बॉनेटला टेकवलं. म्बाहला हात धरून उतरवलं, कागदी फुलांखाली बसवलं, पिशवी पायाशी ठेवली आणि निघाला. आणि गल्ली त्याच्यामागे चालत निघाली. कर्णा नाही, करंट नाही, पन्नास माणसं आपापल्या गळ्याने सलवात म्हणत होती. पाक वागिमिन तेवढे सुरात नव्हते, त्यांना ऐकू येत नव्हतं.

रेल्वेच्या पुलाच्या चढावर कास्दीला धाप लागली. मी मागून बेचाकाला हात लावला आणि ढकलू लागलो. त्याने वळून पाहिलं, पण 'नको' म्हणाला नाही, त्याचे मी आजही उपकार मानतो. पुढे म्बाह डोळे मिटून चिठ्ठ्या घोकत होती, परीक्षेच्या दिवशी पोरं घोकतात तशी, मोठ्याने. "बू रात्मीच्या नातवाचा पाय सरळ होऊ दे. वागिमिनच्या पोराला काम मिळू दे. रहायूच्या नवऱ्याच्या डोक्याला शांती मिळू दे." मी मान खाली घातली. ती पुढे म्हणाली, "पाक गुरूंच्या गाडीचं व्होल्टेज कायम चौदा पूर्णांक दोन राहू दे."

सलवात थांबली. पन्नास माणसं आणि एक बेचाक, पुलाच्या ऐन माथ्यावर. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणीच हसलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाक वागिमिनांनी विचारलं, "काय म्हणाली?" आणि त्यांना कुणीतरी कानात ओरडून सांगितलं.

सातला पाच मिनिटं कमी असताना आम्ही मंडपात पोचलो. म्बाह बसमध्ये चढली. मी गर्दीत मागे उभा होतो.

चाळीस दिवसांनी ती परत आली. कास्दीच तिला घेऊन आला, हे सांगायला नकोच. भेटायला गेलो तेव्हा खजूर आणि झमझमचं पाणी माझ्या हातावर ठेवून ती म्हणाली, "पाक गुरू, सगळ्यांचं एकेकदा मागितलं. तुमचं मात्र तीनदा मागितलं हो. माझ्या बसण्याने बिघडली होती ना गाडी. म्हटलं, गरिबाच्या हातून नुकसान नको. काब्यासमोर उभी राहून रडून मागितलं. किती आहे आता?"

मी घरी आलो, गाडी सुरू केली. चौदा पूर्णांक दोन. एसी लावला, दिवे लावले, वायपर लावले, चारी काचा खाली-वर केल्या, हॉर्नवर हात दाबून ठेवला. चौदा पूर्णांक दोन. त्यानंतर आजतागायत तो आकडा हललेला नाही. लाखो लोकांच्या गर्दीत ती म्हातारी पाय दुखत असताना उभी राहिली आणि तिने श्वास खर्च केला तो माझ्या त्या आकड्यासाठी. म्हणून मी त्यावर कागद चिकटवला आहे.

कास्दीची माफी मी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या, पाक गुरू," आणि पॅडल मारत निघून गेला. रहायूचा आकडा आता रोज मी स्वतः बघतो. एकशे तीसवर आला आहे. म्बाहशी बोलणं मात्र राहिलं. रोज सकाळी ठरवून जातो. ती पुडी बांधता बांधता विचारते, "गाडी बरी आहे ना?" मी म्हणतो, "चौदा पूर्णांक दोन, म्बाह." तिचा चेहरा असा काही फुलतो की मी नुसते सुटे पैसे मोजत राहतो. मग मी पेचेल घेऊन घरी येतो.

तिला वाचता येत नाही, म्हणून तर हे सगळं लिहायचा धीर झाला. बू रात्मी, हे लिहिलेले कागद तुमच्याच दाराच्या फटीतून आत सरकवतो आहे. संध्याकाळी तिला वाचून दाखवा. जरा हळू वाचा, ती पाठ करते.